डावा टक

१२ मार्च

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

आज दुकान उघडलं, आई गेल्यावर पहिल्यांदाच. मशिनं पुसली, तेल घातलं. दुपारी तुझं ब्लाउजचं कापड आलं, आणि निरोप की डाव्या बाजूचा टक वर घे, तिकडे जरा आवळ.

फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून लिहिते. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर तुझ्यासारखंच आईनंही सिलिकॉन बसवून घेतलं होतं. काही वर्षांनी ते टणक झालं, वर सरकलं. दुखणं उलटलं असं मनाशी धरून ती गुपचूप स्वतःचे ब्लाउज उसवत बसायची. टक असाच वर. मीच ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरची वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती पातळ पापुद्रा धरतंच, सगळ्यांचंच. एखादीचा जाड होऊन आवळत जातो. येताना आई म्हणाली, म्हणजे अंगानं अस्तर लावलं, पण तंग कापलं. असला शिंपी मी दुकानात उभा केला नसता. किती दिवसांनी हसली होती.

तुझंही तेच असेल असं नाही. तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि तोवर मी कात्री लावणार नाही. रागाव हवं तर, पण आईच्या माघारी लोभ आटवू नकोस.

तुझी
बटण

२९ मार्च

चि. बटण, अनेक आशीर्वाद.

रागावलेच होते. वाईट ऐकून सांगायचं कुणाला, ताई तर नाही, म्हणून जात नव्हते. तुझा हट्ट थेट तिच्यावर गेलाय. शेवटी गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. पापुद्राच आहे, दुखणं नाही. तो काढून सिलिकॉन बदलतील. डॉक्टरांना ताईचा शिंपी सांगितला, तेही हसले. बाहेर येऊन सवयीनं तिलाच फोन लावायला गेले.

ब्लाउज जुन्या मापानं शिव. वेळेवर जेव, आणि या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी
मावशी

६ एप्रिल

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. दुकानात कुणी नव्हतं, मोठ्यानं वाचलं. ऑपरेशनला मी येते, नको म्हणू नकोस. कापड कापलंय, टक जुन्या जागी.

आईला सुईचं भोक दिसायचं नाही, म्हणून सकाळी दोरा मीच ओवून द्यायचे. अजूनही आधी तिच्या मशिनला ओवते, मग माझ्या. आता तेच करायला उठते.

तुझी
बटण