कंग्राळीच्या भट्टीची आणि हलक्या विटांची निरवानिरव

मी, सुवर्णा जोतिराम कुंभार, वय ५३, राहणार कंग्राळी, ता. व जि. बेळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता लिहीत आहे. साखर थोडी वाढली आहे. बुद्धी जागेवर आहे.

१. राहते घर व दागिने कन्या ऋतिका हिला. पितळी घंगाळ विकू नये. त्यात फुलझाडही लावू नये.

२. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांना हलक्या विटा पुरवणारी माझी भट्टी, शेड व साचे ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता असून ती नागुबाई नाईक हिला मिळावी. वीस वर्षं ती भाताचं तूस चाळून मातीत मिसळते. भट्टीत तूस जळून जातं, विटेत बारीक भोकं राहतात आणि त्यामुळे उष्णता बाहेर पळत नाही. प्रमाण वहीत आहे, पण नागुबाई गोळा दाबून म्हणते, "आक्का, आज हवा दमट हाय, पाणी कमी घाला." मी मुकाट्यानं कमी घालते.

३. दीर मारुतीराव यांना भट्टी का नाही, हे लिहून ठेवते; कारण ते विचारतील आणि उत्तर द्यायला मी नसेन. दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात असताना "मातीत कसलं आलंय गुपित" म्हणत त्यांनी तूस न चाळता दुप्पट घातलं आणि ओल्याच विटा भट्टीत भरल्या.

नागुबाई म्हणाली, "आप्पा, चार दिस वाळू द्या वो."

"तुला लई कळतंय," म्हणून त्यांनी जाळ वाढवला. विटा अशा फुटल्या की गल्लीला वाटलं, वरात आली. ज्या उरल्या, त्या बिस्किटासारख्या मोडल्या. दोष मात्र नागुबाईवर ढकलला. गिऱ्हाइकं तिला अजून टोचून बोलतात. भट्टी त्यांच्याकडे गेली तर शेडचं मंगल कार्यालय होईल आणि नागुबाई घरी बसेल. त्यांना माझी आरामखुर्ची द्यावी. तशीही तेच बसतात.

४. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, असा दावा मारुतीराव कोर्टात नक्की करतील. म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावलं आहे. आत्ता समोर चहा पीत आहेत. "वाचून बघा, भावजी," म्हटलं, तर म्हणाले, "आपल्यात काय वाचायचं, वहिनी." आग्रह मी एकदाच केला.

लिहून देणार: सुवर्णा जोतिराम कुंभार

साक्षीदार (लिहून देणार पूर्ण शुद्धीत असल्याची खात्री करून):
१. प्रियदर्शनी सुतार, शेजारीण. वाचून सही केली, ओठ दाबून.
२. मारुतीराव कुंभार, दीर. सही ठळक, खाली दोन रेघा.

ठिकाण: कंग्राळी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५