बारा काळ्या पट्ट्या

चकाला, अंधेरी (पूर्व)
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय दशरथ,

अनेक आशीर्वाद. हे माझं तिसरं पत्र. पहिली दोन फाडून टाकली. एकात नुसतं रडगाणं झालं होतं आणि दुसऱ्यात मी तुलाच झापत सुटले होते. मोठ्या बहिणीची खोड, जाता जात नाही. चार वर्षांत तू या घराचा उंबरठा ओलांडला नाहीस, आणि का, ते मला ठाऊक आहे. म्हणून ख्यालीखुशाली लिहितानाही पेन अडखळतं. येत्या रविवारी तू यावंस, एवढ्यासाठी लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कितीही भरकटले तरी तेवढं लक्षात ठेव.

रविवारी निनादला पाच पूर्ण होतात. यंदा त्याला साधा वाढदिवस नको आहे. त्याला दर्यावरचे डाकू हवे आहेत! पुस्तकात त्यांना समुद्री चाचे म्हणतात, पण तो ऐकत नाही, डाकूच म्हणतो. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. तुझ्या भावोजींनी दुकानातून टीव्हीचा रिकामा खोका आणलाय आणि त्याचं गलबत चाललंय. शिडाला म्हणून माझा नवाकोरा पांढरा परकर मागत होते, मी चांगलंच फैलावर घेतलं. शेवटी जुन्या धोतरावर भागलं. गोळ्या-बिस्किटांचा खजिना दाण्यांच्या डब्यात घालून गॅलरीतल्या कुंडीमागे लपवायचा, नकाशा मी काढायचा. गेल्या वर्षी केक आणि बटाटेवडे एवढ्यावर सुटका झाली होती. यंदा मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते, मध्येच उठून कात्री शोधते, कात्री सापडली की कशाला हवी होती तेच आठवत नाही.

कात्री पट्ट्यांसाठी हवी होती. डाकू म्हटला की एका डोळ्यावर काळी पट्टी आलीच. निनाद धरून चाळीतली बारा पोरं जमायची, म्हणजे बारा पट्ट्या. जुन्या छत्रीचं कापड काढलं, मागे इलॅस्टिक लावायचं ठरवलं आणि पहिली पट्टी कापली आणि कात्री खाली ठेवली. मरोळच्या त्या कारखान्यात लेथवरचा कपचा उडून तुझ्या डोळ्यात गेला तो दिवस आठवला. हॉस्पिटलात तू मला विचारलंस की ताई, चहा प्यायलीस का, आणि मला तुझ्याकडे बघवेना. ती पट्टी मी माझ्याच डोळ्यावर बांधली. घरात कुणी नव्हतं. म्हटलं, बघू तरी. दशरथ, मला कपात चहा ओतता येईना रे. किटलीचं तोंड कपावर आहे असं वाटायचं आणि चहा सगळा ओट्यावर. चार वर्षांत हा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही, की तुला रोजचा चहासुद्धा नव्याने ओतायला शिकावा लागला असेल.

आता जावळाचं लिहिते. ते टाळूनच आधीची पत्रं फाडली. निनादचं जावळ होतं तेव्हा तुझी जखम नुकती भरली होती. घाटकोपरहून तू त्याच्यासाठी अंगरखा आणि चांदीची वाटी घेऊन आलास. न्हावी पाटाजवळ बसला होता, मामाने मांडी घालायची, मांडीवर भाचा. तू बसायला वाकलास आणि सासूबाई म्हणाल्या, शुभकार्यात व्यंग नको, नानाला बसवा. मुलुंडचा आपला चुलतभाऊ नाना बिचारा कावराबावरा होऊन बसला. सासूबाईंचं बोलणं मी समजू शकते, त्या तशाच वाढल्या. पण तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी हळद-कुंकवाच्या ताटात काहीतरी शोधत राहिले. ताटात सगळं होतं. तू वाटी कोनाड्यात ठेवलीस आणि पानावर न बसता गेलास. चुकलं माझं. सासूबाईंचं नव्हे, माझं. नंतर दोनदा घाटकोपरला आले तर तू दोन्ही वेळा घरात नव्हतास, की होतास, तुझं तुला माहीत.

म्हणून या पट्ट्यांचं मला भय वाटत होतं. तू यायचास आणि बारा पोरं एका डोळ्यानं नाचताना बघायचास, थट्टा वाटायची तुला. निनादला म्हटलं, आपण पोलीस होऊ या, टोप्या करू. त्यानं जेवणच सोडलं. डाकूला एकच डोळा असतो, तरी त्याला सगळं दिसतं, असं मला ऐकवलं. शिवाय कानात बाळी हवी. बाराव्या दिवशी त्याला कावीळ होती म्हणून कान टोचायचे राहिले ते राहिलेच, तुला आठवत असेल. एरवी सुई बघून घर डोक्यावर घेणारं पोर आता सोनाराला कधी बोलावणार म्हणून माझ्या मागे लागलंय.

हे खूळ कुठून आलं ते मला शनिवारी कळलं. महिनाभर त्याच्या खिशात चिक्कीचे कागद सापडत होते. शनिवारी मी कामावर असते, शाळेतून त्याला शेजारची जया आणते. तिला विचारलं तर म्हणाली, एक काळ्या चष्म्याचे काका दर शनिवारी फाटकापाशी भेटतात, खूप चांगले आहेत. कोण हा माणूस म्हणून परवा शनिवारी मी रजा टाकली आणि वह्यांच्या दुकानाआड उभी राहिले. तू उकिडवा बसून त्याच्या बुटाची लेस बांधत होतास, बोटांनी चाचपत, हळूहळू. त्यानं तुझा चष्मा वर केला, खालची काळी पट्टी पाहिली आणि खूश होऊन परत खाली केला. आणि मला एकदम उमगलं, दर्यावरचे डाकू हे आपल्या बाबांचे शब्द, देवगडच्या पडवीतले. या घरात ते दुसरं कोण बोलणार? पुढे येऊन तुझा हात धरायला हवा होता, पण मी दुकानाआडच उभी राहिले. ताटात शोधणारी ती मीच. ते आता पुरे झालं. रविवारी सकाळी नऊला सोनार येतोय. कान मामाच्या मांडीवर टोचतात आणि या मुलाला मामा एकच आहे. सासूबाईंना काल सांगितलं, त्या तोंड फिरवून बसल्या आहेत, बसू देत. नानाला बोलावलेलं नाही. तू आला नाहीस तर सोनाराला परत पाठवीन आणि निनादला खरं काय ते सांगीन, की तुझ्या डाकूला आपल्या घरातून तुझ्या आईनं घालवलं. पट्ट्या बाराच शिवल्या आहेत. तुझी तू घेऊन ये.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच,
सुलक्षणाताई