अठरा पायऱ्या आणि दोन घंटा

मी, खाली सही करणारा, वय वर्षं शहात्तर, पूर्वीचा धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणीही मागे न लागता लिहून ठेवतो आहे. डोकं ठिकाणावर आहे. चौथीच्या पुस्तकातल्या कविता अजून ओळीने म्हणता येतात. डॉक्टरांनी काल त्या ऐकून खात्री करून घेतली. तिसऱ्या कवितेला ते "पुरे, पटलं," म्हणाले. याआधी लिहिलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. कारण चौथ्या कलमात येईल.

कलम एक. कापडाची मोठी कात्री थोरल्या भावाला द्यावी. छत्तीस वर्षांपूर्वी मी कचेरीतली नोकरी सोडून घराच्या तळमजल्यावर बांधणीचं दुकान टाकलं, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, "शिंपी निदान अंगभर कपडे तरी शिवतो. हा पुस्तकं शिवणार!" कात्री त्याची. टोमणा मात्र मी बरोबर घेऊन जाणार आहे, त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही.

कलम दोन. पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुया आणि घडी घालायची हाडाची पट्टी शेजारच्या कागदवाल्याला. पट्टी माझ्या अंगठ्याने झिजली आहे. त्याचा अंगठा जाड आहे, पण बसेल.

कलम तीन. रद्दीतून वाचवून नव्याने बांधलेली शाळेची जुनी पुस्तकं जावयाला. तो सकाळच्या शाळेत शिकवतो. त्याला एकच सांगणं: पोरांकडून कविता पाठ करून घ्या, अर्थाची घाई करू नका. सहावीतल्या नदीच्या कवितेचा अर्थ मला साठी उलटल्यावर लागला.

कलम चार. राहतं घर, वरचा मजला आणि तळमजल्यावरचं दुकान, तसंच बँकेत जे काही निघेल ते, माझ्या एकुलत्या एका मुलीला.

इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल.

नोकरी सोडली तेव्हा मुलगी पाळण्यात होती. बायको धास्तावली होती. मी तिला म्हणालो, "अगं, नोकरीत घड्याळ साहेबाचं असतं. धंदा आपला, म्हणजे घड्याळही आपलं. दुपारी रोज एकत्र जेवू." तिला हे शेवटचं वाक्य तेवढं आवडलं. मीच फरशीला दोन भोकं पाडून दोन दोऱ्या ओवल्या. तिने वरून ओढली की दुकानातली घंटा वाजायची, म्हणजे पानं वाढली. मी खालून ओढली की स्वयंपाकघरातली. एक टोला म्हणजे "आलोच". दोन म्हणजे "तू जेवून घे".

पहिले दोन महिने मी एक टोला दिला. मग शाळांची, वाचनालयांची कामं आली. खळ लावलेलं पान वाट पाहत नाही, वाळून जातं. बायको वाट पाहते, असा माझा समज होता. मी दोन टोले देऊ लागलो आणि देतच राहिलो. साडेतीन-चारला वर गेलो की ती माझं पान वाढायची, आपल्यालाही थोडं घेऊन समोर बसायची. मला वाटायचं, सोबतीला बसते. कधी म्हणायची, "अहो कवी, पायऱ्या मोजायला तरी वेळेवर वर या." अठरा आहेत. मी तिला मोजून सांगितल्या होत्या.

ती गेली त्याला आज चार वर्षं झाली. दुकान तेव्हाच बंद केलं.

यंदा मुलीने नोकरी सोडली. घरांचे नकाशे काढायचं स्वतःचं काम तिला खालच्या जागेत सुरू करायचं आहे. वर ती आणि जावई राहायला आलेत. मला म्हणाली, "बाबा, आता वेळ आपल्या हातात. दुपारी सगळे एकत्र जेवू." हे वाक्य मी ओळखलं. म्हणून आधीच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती, की या घरात कुणी धंदा करू नये.

गेल्या महिन्यात रंग काढायचा म्हणून तिने स्वयंपाकघरातली घंटा उतरवली. "बाबा, ही वाजत का नाही?"

आतल्या लोलकाला कापड गुंडाळलेलं होतं. बांधणीचं तांबडं कापड, माझ्याच मेणाच्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं. टाका बायकोचा. ते कापड मी एकदाच आणलं होतं, मुलगी सातवीत असताना, आणि त्याच वर्षी ते संपलं. म्हणजे एकोणीस वर्षं मी खालून दोन टोले देत होतो आणि वर काहीच वाजत नव्हतं.

मी विचारलं, "आई जेवायची कधी गं?"

"तुम्ही वर आल्यावर. मी म्हणायचे, घे ना जेवून. तर म्हणायची, खालून अजून काही निरोप नाही, येतीलच."

तिला दोन टोले ऐकायचे नव्हते. ऐकले नाहीत की वाट पाहायला मोकळी.

पोरी, धंदा न करण्याची अट मी काढून टाकतो. काम चांगलं असतं. मला ते आवडायचं, हे खोटं कसं लिहू? नकाशे काढ, जागा तुझी. अट एकच. दुकानातली घंटा आहे तिथे राहू दे, वरून दोरी ओढायला जावई आहे. वरची घंटा मात्र पुन्हा टांगू नकोस. फरशीतलं त्या घंटेच्या दोरीचं भोक मी गवंड्याकडून कालच बुजवून घेतलं आहे. खालून उत्तर पाठवायची सोय आता या घरात नाही. बोलावणं आलं की उत्तर द्यायला अठरा पायऱ्या चढून यायचं.

कलम पाच. ती वरची घंटा, कापड न सोडता, माझ्याबरोबर द्यावी.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा पुसून मी सही केली आहे.

साक्षीदार पहिला: डॉक्टर, ज्यांनी कविता ऐकल्या.
साक्षीदार दुसरा: समोरचा न्हावी, ज्याने हे वाचून फक्त "बरं केलंत, काका" म्हटलं.

स्थळ: वरचं स्वयंपाकघर.
दिनांक: तिच्या चौथ्या वर्षश्राद्धाचा. वेळ: दुपारचा एक. जावयाने दोरी ओढली आहे. जिन्यावर मुलीची पावलं मोजतो आहे. सोळा, सतरा.

सही