संख्याशास्त्रात पोरं का आपटतात

व्हियारिका, रविवार दुपार

माझ्या थोरल्या झुनिल्दाताईला एलादियाचा वाकून नमस्कार. काकुपेच्या माउलीच्या कृपेने आम्ही धडधाकट आहोत. तुझे गुडघे आणि भावोजींचा स्वभाव सुधारला असेल, अशी आशा. (गुडघ्यांबद्दल जास्त.)

या वयात मी समाजकार्याच्या पदवीला नाव घातलं, हे तुला ठाऊकच आहे. पण देव असा खट्याळ, की संख्याशास्त्राच्या तासाला पुढच्या बाकावर मी आणि मागच्या बाकावर माझाच लेक देर्लिस! त्याच्या शेजारी ती निमिया. दोघं एकाच पेल्यातून थंडगार तेरेरे पितात. (तेरेरे सगळेच एका पेल्यातून पितात, कळतं मला. पण पिताना असं हसत नाहीत.) पोरगं बुडणार, याची मला खात्रीच होती.

तेवढ्यात कान्तालिसिओ सरांनी प्रकल्प दिला: संख्याशास्त्रात विद्यार्थी मागे का पडतात, ते शोधा. मी म्हटलं, आयतंच चालून आलं! कॉलेजच्या कँटीनमध्ये ठाण मांडलं आणि चिपा खाता खाता येईल त्याला विचारत सुटले. कुणी म्हणे गणिताची धास्ती, कुणी म्हणे रात्रपाळीची नोकरी, कुणी म्हणे सर फळ्याशीच बोलतात. शेवटी मी हळूच विचारी, "आणि प्रेमाबिमात पडला होतास का रे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं! प्रेमाने गुण घसरतात, असा निष्कर्ष मी भर वर्गात वाचला आणि वर देर्लिसकडे बोट दाखवलं.

सर म्हणाले, "एलादियाबाई, तासाच्या वेळी कँटीनमध्ये तास बुडवणारेच सापडणार. पास होणाऱ्या एकाला तरी विचारलंत?"

"ते वर्गात होते, सर."

"आणि तुम्ही?"

वर्ग खो खो हसला. देर्लिस मात्र हसला नाही. "आई, मला काही येत नव्हतं, म्हणून मी निमियाकडे अभ्यासाला जातो. एकदा मला विचारायचंस तरी!" ताई, तिथे माझं तोंड एवढंसं झालं.

निकाल लागला. निमिया पहिली, देर्लिस चांगला पास, मी नापास. निमियाने घरी येऊन मला सरासरी समजावली. पोरगी गुणी आहे. (मंडिओकाचे कंद मात्र कच्चे उकडते.)

तुझीच,
एलादिया

ता. क. आईला मी पास झाल्याचंच सांग.

ता. क. दुसरा. फेरपरीक्षेसाठी कान्तालिसिओ सर शनिवारी घरी येऊन शिकवणार आहेत. (तेही एकटे, मीही एकटी, देर्लिस तेव्हा निमियाकडे; शिकवणं शांतपणे होईल.) तुझा तो निळा झगा बसवाल्याबरोबर ताबडतोब पाठव. देर्लिसला यातलं काही कळता कामा नये. उगाच माझ्या गुणांची काळजी करत बसेल.