चांदीच्या तारेची बटणं

॥ श्री ॥
चोरखमारा, ९ एप्रिल २००३

ती. रामकलीताईस लोकेंद्रचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. भाटव्यांचा गुडघा कसा आहे? इथे ऊन मी म्हणतंय. गावामागचा जुना तलाव तळापर्यंत आटला आहे आणि तुझ्या भावाला नवं खूळ लागलं आहे. गोंदियाच्या रेडिओवाल्या दुर्गेशनं काठीला तांब्याच्या तारेचं वेटोळं बांधून एक यंत्र केलंय. जमिनीखाली धातू असला की कानातल्या भोंग्यात किणकिणतं. लढाईच्या काळात तलावाकाठी गोऱ्यांची पलटण उतरली होती म्हणतात, तिथे रोज संध्याकाळी मी ते फिरवतो. शाळेच्या कपाटासाठी भोकाचे पैसे मिळाले, पलटणीची पितळी बटणंही मिळाली. पोरं मला येडा मास्तर म्हणू लागली आहेत. तूही म्हण.

एक बटण मात्र वेगळं आहे. त्याच्या मागच्या कडीत चांदीची बारीक तार पिळून बसवली आहे. तसंच दुसरं काल आपल्या बांधीत, धानाच्या धसकटांत सापडलं. तलावापासून आपली बांधी केवढी लांब! गोरे शिपाई तिथे कशाला येतील? तो काळ पाहिलेली घरात एकटी मोठीमाय, तिला विचारणार होतो, पण ती झोपली होती.

तुझी भावजय आणि पोरं ठीक. लोभ आहे, या उन्हात तो आटू देऊ नकोस.

तुझा
लोकेंद्र


रायपूर, १५ एप्रिल २००३

चि. लोकेंद्रास अनेक आशीर्वाद.

यांचा गुडघा बरा आहे, खोड बरी नाही. चालू नका म्हटलं की फिरायला निघतात.

मोठीमायला काही विचारू नकोस. फोनच करणार होते, पण तो तिच्या खाटेशेजारी वाजतो, म्हणून लिहिते. मी लहान असताना माझी वेणी घालताना तिनं एकदा सांगितलं होतं. मोठे बाबूजी पलटणीतून पहिल्या रजेवर आले, तेव्हा त्यांच्या कोटाची बटणं लोंबत होती. दोरा टिकेना, म्हणून तिनं आपल्या तुटक्या पैंजणाची तार काढून ती बसवून दिली. दुसऱ्या रजेला ते निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. पलटणीनं फरार लिहिलं, पोलीस येऊन घर उलटंपालटं करून गेले. त्या दिवसापासून गावाच्या लेखी ती भैय्यालालची बायको राहिली नाही, पळपुट्याची बायको झाली. विहिरीवरच्या बाया तिला ऐकू जाईल असं बोलायच्या, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

अक्षय्यतृतीयेला पितरांना पाणी देताना आपल्या बाबूजींनी या थोरल्या भावाचं नाव घेतलं की ती त्यांचा हात धरायची. म्हणायची, जिता माणूस हाय, कोनाच्या तरी संग संसार करून राहिला असन, त्याले कायले पाणी देता? नवऱ्यानं आपल्याला टाकलं, एवढ्या एका गोष्टीखाली तिचा जन्म गेला आहे. ती बटणं तलावात कशी आली हे नीट समजेपर्यंत तिला दाखवू नकोस. माझं मन थाऱ्यावर नाही.

लोभ आहेच, काळजीही आहे.

तुझी
ताई


चोरखमारा, २१ एप्रिल २००३

ती. ताईस सा. न.

मला भीती वाटते आहे आणि तसं लिहायची लाजही वाटत नाही. काल यंत्र घेऊन अंगणातून येत होतो, भोंगा कानातच राहिला होता. मोठीमायच्या खोलीच्या भिंतीजवळ येताच तो किणकिणला. बोटभर माती उकरली, तर तेच पितळ आणि तीच तार. आधी तलाव, मग बांधी, आता घर. पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस मी, पण आता दाराची कडी वाजली तरी दचकतो. मोठे बाबूजी साठ वर्षं थोडंथोडं चालत घराकडे येत आहेत, असंच मनात येतं.

मोठीमायनं भिंतीला पडलेलं भोक पाहिलं. घूस लागली काय रे म्हणाली, आणि लगेच माती कालवून बुजवायला बसली. मी बटण मुठीत धरून तिच्या मागे उभा होतो.

तू लवकर लिही. तुझ्या दोन ओळींनी धीर येतो.

तुझा
लोकेंद्र


रायपूर, २६ एप्रिल २००३

चि. लोकेंद्रास अ. आ.

अरे मास्तर, इतकं कसं सुचलं नाही तुला? दर उन्हाळ्यात तलावाचा गाळ कोण काढतं? आपणच ना! बैलबंडीनं तो बांधीत जातो, आणि चिकट निघाला तर घराच्या भिंतींना लागतो. बटणं चालत आली नाहीत, आपल्याच बंडीतून आली.

एवढं लिहून तुझी भीती घालवली असं वाटलं आणि मग पेन खाली ठेवावा लागला. मोठे बाबूजी रजेवर निघाले त्या श्रावणात तलावाची पाळ फुटली होती. बाबूजी सांगायचे. स्टेशनाकडून येणारी वाट पाळीवरूनच होती. त्या वाटेनं येताना ते पाळीबरोबरच खाली गेले असणार. सगळ्या गावानं मिळून माती टाकली आणि ते भगदाड बुजवलं. टोपल्या वाहणाऱ्यांत बाबूजीही होते. सख्ख्या भावाच्या अंगावर आपण माती टाकतो आहोत हे त्यांना काय ठाऊक!

पुढे दर पावसात पाळीची ती माती झिजून तलावात उतरत गेली, आणि आम्ही पोरं गाळाच्या बंडीबरोबर जायचो. त्यात हाडांचे तुकडे निघत. गुरांची समजून आम्ही ती भिरकावून द्यायचो. मीही भिरकावली आहेत. आणि त्याच बांधीचा भात खाऊन आपण मोठे झालो. काल रांधलं, पण घास उतरला नाही.

आता तिला सांग. ते येत होते, एवढं तरी तिला कळू दे. लोभ ठेव आणि माझ्या वाट्याचा नमस्कार तिला कर.

तुझी
ताई


चोरखमारा, ६ मे २००३

ती. ताईस सा. न.

परवा अक्षय्यतृतीयेच्या सकाळी मी तिन्ही बटणं मोठीमायच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती कोसळेल म्हणून तुझी भावजय जवळच उभी होती. ती रडलीसुद्धा नाही. नखानं तारेतली माती काढत बसली. मग विचारलं, तो घराकडंच येऊन राहिला होता ना? मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. भिंतीवर हात ठेवून म्हणाली की दर साली हे भीत सारवता सारवता म्या त्याले शिव्या देल्या, साऱ्या आयकल्या असन त्यानं.

पाणी तिनं स्वतः दिलं, त्यांचं नाव घेऊन. आता कपाळ पुसेल, असं आम्हाला वाटलं. तिनं कुंकू ठसठशीत लावलं, नवं लुगडं नेसली आणि काठी टेकत बाहेर पडली. मी मागोमाग गेलो. एकेका घरापुढे थांबून ती सांगू लागली की आमचा मानूस पराला नव्हता, घरीच येत होता. पण विहिरीवर बोलणाऱ्या त्या बाया केव्हाच मरून गेल्या. दारात आल्या त्यांच्या नातसुना. चांगल्या पोरी आहेत, बसा आजी, पाणी आणू काय म्हणाल्या, आणि भैय्यालाल कोण म्हणून माझ्याकडे पाहू लागल्या. गावाच्या टोकाच्या सेवकरामच्या दारापर्यंत तिचा आवाज बसला. तिथे तर कुलूपच होतं.

परत आल्यापासून भिंतीला टेकून बसली आहे. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. फोन लावणार होतो, पण तिच्यासमोर हे सांगवेना.

ताई, हे पत्र मिळताच पहिल्या गाडीनं ये. त्या बायांचं बोलणं ऐकलेलं माणूस आता गावात नाही, कुठेच नाही, तूच एक उरली आहेस. तो घरीच येत होता, हे तिला तुला सांगू दे.

लोभ या खेपेला पत्रातून धाडू नकोस, घेऊनच ये.

तुझा
लोकेंद्र