पातोच्या मानेतला सापळा

रेजाँ दादा,

पायरीवरचं रक्त आपल्या पातोचं आहे. कातड्यांसाठी तू लावलेल्या सापळ्यात बिचाऱ्या कुत्र्याची मान अडकली, तीही लोकांच्या चालायच्या वाटेला लागून! "ओदील, तुझ्या काडीच्या हातांनी ती स्प्रिंग जन्मात दबायची नाही," म्हणाला होतास ना? दबली! बर्फावर चालायच्या रुंद बुटाचा पट्टा उपसला, स्प्रिंगमधून ओवला, पाय रेटून ओढला. पातो मला कडाकडा चावत होता, मी त्याच्याहून जोरात ओरडत होते. मग एकाच बुटावर, मांडीएवढ्या बर्फात रुतत, त्याला खांद्यावर टाकून खाली आणला.

अजून श्वास चालू आहे. आई आणि मी त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघालोय. वाटाण्याचं सूप चुलीवर आहे.

सापळा मी कुऱ्हाडीने चेचला, तुकडे तुझ्या उशीवर आहेत. तो कुणाचा, हे आईला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. बाकीचे सापळे आजच काढ, नाहीतर उद्या कुऱ्हाड घेऊन मीच जाते.

आणि माझा दुसरा बूट वरच राहिलाय, तेवढा आण. वाट शोधावी लागणार नाही. रक्ताच्या मागावर चालत राहा.

ओदील