एक जूनच्या चौघी

पुणे,
२४ मे १९९९

प्रिय तात्या,

'तीर्थरूप' लिहायला हवं होतं, ते मला ठाऊक आहे. शाळेत पत्रलेखनाला पाचपैकी पाच गुण मिळवणारी तुमची लेक एवढं विसरलेली नाही. पण तीर्थरूप म्हटलं की पुढं 'साष्टांग नमस्कार' येतो, 'इकडील सर्व क्षेम' येतं, आणि सांगायची गोष्ट राहते बाजूला. म्हणून आज नुसतं प्रिय. रागावू नका, आणि रागावलातच तर आईला कळू देऊ नका.

आपला दीपक परवा गावाहून येऊन गेला. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी निम्मी त्यानं गाडीतच संपवली होती. तुमच्या निवृत्तीची बातमी त्याच्याकडून सविस्तर कळली. एकतीस मेला तुम्ही ग्रामसेवकीतून मोकळे होणार, आणि त्याच दिवशी तालुक्यातले आणखी कितीतरी जण. होणारच! सगळ्यांची जन्मतारीख एक जून. आजी सांगायची, तुमचा जन्म ऐन दिवाळीतला, घरात करंज्या तळत असतानाचा. म्हणजे कुणा गुरुजींच्या लेखणीनं तुमची पाच महिन्यांची नोकरी खाल्ली. गावातल्या प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या बाबतीत मात्र हूं की चूं केलं नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणालात, "शाळंची तारीख शाळंला, वहीतली तारीख वहीला. दोन्हीत गल्लत करायची न्हाय."

माझंही तेच झालं. तुमची बदली तेव्हा मोरगावच्या बाजूला होती. आजीनं मला हाताला धरून शाळेत नेलं, गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आजी म्हणाली, "थंडीत झाली बगा, ज्वारी निसवत होती तवा." निसवत्या ज्वारीची तारीख दाखलखारजाच्या रजिस्टरात कुठं बसवणार? गुरुजींनी सहा वर्षं मागं मोजली आणि एक जून एकोणीसशे ऐंशी टाकून दिली. त्या दिवशी करुणा, अंजली आणि स्वतःच्या आजीचं नाव मिरवणारी सारजा याही माझ्याच रांगेत उभ्या होत्या. चौघींचे वाढदिवस एका दमात लागले.

पुढं बदलून गावात आल्यावर त्याच चौघींना तुम्ही बुद्धिबळ शिकवलंत, हे गावात कुणाला खरंसुद्धा वाटत नाही. ग्रामपंचायतीच्या कचेरीत, दुपारी कुणी दाखला मागायला नसलं की. गेणबा सुतारानं बाभळीच्या सोंगट्या करून दिल्या होत्या. त्यातला घोडा हुबेहूब खोंडासारखा दिसायचा, म्हणून आम्ही कितीतरी दिवस 'बैल अडीच घरं' म्हणायचो. करुणा तुमच्याशी पहिल्यांदा जिंकली, तेव्हा तुम्ही कचेरीला कुलूप लावून तिच्या घरी गेलात आणि श्रीपतीकाकांना म्हणालात, "कंडक्टर, तुमच्या लेकीनं आज सरकार हरवलं." तात्या, पोरीकडून हरल्यावर इतकं खूश होणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर नंतरही फारसे पाहिले नाहीत.

मग आम्ही जिल्हा जिंकलो, राज्य जिंकलं, आणि ९४ साली चौदा वर्षांखालच्या शालेय संघांच्या स्पर्धेसाठी सिंगापूरला निघालो. शाळेनं दाखले जोडले, दाखल्यांवरून पासपोर्ट झाले. संघाची यादी मुदतीत गेली, तीही चारच नावांची. राखीव खेळाडू लिहायचा असतो, हे व्यवस्थापक म्हणून आलेल्या आमच्या पी.टी.च्या बापूसाहेब सरांना यादी बंद झाल्यावर कळलं. तिथं पोचल्यावर नोंदणीच्या टेबलावर चार पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले गेले. टेबलामागची बाई आधी हसली, मग एकेका तारखेवर बोट ठेवून पुन्हा वाचायला लागली. चौघींचा जन्म एकाच दिवशीचा! दुसऱ्या एका संघाच्या व्यवस्थापकानं तिथल्या तिथं लेखी हरकत घेतली, की ही कागदपत्रं बनावट आहेत, संघाला बाद करा. बापूसाहेब सरांचं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळं सगळीकडं बोलायला मी. ते मला म्हणाले, "सांग त्यान्ला, आमच्यात समदेच एक जूनला जल्मत्यात." मी सांगितलं. त्यावर पुरावा म्हणून सरांनी स्वतःचा पासपोर्ट काढून टेबलावर आपटला. त्यातही एक जून! आता आठवलं तरी हसू येतं, पण तेव्हा त्या टेबलामागचा एकही चेहरा हसत नव्हता.

समितीनं निकाल दिला, की चौघींच्या जन्माच्या मूळ नोंदीचे उतारे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत फॅक्सनं आले पाहिजेत. ज्या मुलीचा उतारा येणार नाही किंवा जिचा जन्म १ जानेवारी ८०च्या आधीचा निघेल, ती बाहेर. तिच्या जागी दुसरी घेता येणार नाही, कारण यादीची मुदत संपलेली. त्यांचे बारा म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. सरांनी बारामतीला डेपोत फोन लावला, आणि श्रीपतीकाका तो निरोप घेऊन पुढच्या गाडीनं तुमच्याकडं आले.

त्यानंतरचं सगळं मला आईकडून कळलंय, आणि मी ते इतक्या वेळा मनात फिरवलंय की आपण तिथंच होतो असं वाटतं. तुम्ही कपाट उघडलंत. वही तुमची, पेन तुमचा, शिक्का तुमचा. करुणाची तारीख नियमात बसली, अंजलीची बसली, सारजाचीही बसली. मग माझं पान. तिथं माझं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'स्त्री', आईबापाचं नाव, आणि १९-११-१९७९. त्रेचाळीस दिवस जास्त. आई म्हणाली, "त्रेचाळीस दिसांनी कुणाचं आभाळ फाटतंय? लिवा की ऐंशी!" तुम्ही म्हणालात, "कुशे, मी वही राखतो. वही माझी न्हाय." एवढ्यावर थांबला असतात तरी पुष्कळ होतं. पण तुम्ही उताऱ्याच्या खाली शेरा लिहिलात, 'सदर नोंद माझ्या मुलीची असल्याने वरिष्ठांकडून पडताळणी करून घेतली आहे', आणि वही बगलेत मारून सहीसाठी इंदापूरला गेलात. स्वतःच्या लेकीविरुद्ध साक्ष द्यायची, आणि वर त्या साक्षीवर शिक्काही मारून घ्यायचा, हे तुम्हीच करू जाणे. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं बारामती, फोनच्या दुकानात वीज गेलेली, ती आली नवाला दहा कमी असताना. चार कागद एकामागून एक सिंगापूरला पोचले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संघ राहिला, मी बाहेर झाले. प्रत्येक फेरीत चौथा पट रिकामा, म्हणजे खेळायच्या आधीच एक गुण समोरच्याला. तरी तिघींनी काय खेळ केला, तात्या! करुणा पहिल्या पटावर बसायची ती जणू चौथ्या पटाचंही आपणच खेळतोय अशी. हरकत घेतलेल्या संघाशी दोन-दोन अशी बरोबरी झाली, आणि त्यांचा व्यवस्थापक स्वतः उठून तिच्याशी हात मिळवायला आला. अठरा संघांत आम्ही सातव्या आलो. मी पाण्याच्या बाटल्या धरून मागं उभी होते. रडले नाही असं म्हणणार नाही.

परत आल्यावर मी तुमच्याशी दोन महिने बोलले नाही. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की बापानं पोरीचा पाय ओढला. पारावर तुम्हाला 'हरिश्चंद्रराव' म्हणायला लागले, आणि ते कौतुकानं नव्हतं. तुम्ही ऐकून घेत गेलात. मीही ऐकत राहिले. नंतर बोलायला लागलो, पण तुम्ही पट काही पुन्हा मांडला नाहीत, आणि मीही मांडा म्हटलं नाही. आज इथं कॉलेजात शिकता शिकता मी नव्या मुलींना खेळ शिकवते. डाव अंगावर आला की पोरी खेळून झालेली चाल परत मागतात. मी देत नाही, आणि त्या मला कडक म्हणतात. कुणाची लेक आहे ते त्यांना कुठं माहीत! मी तुमच्यासारखी झाले तर मला हवंच आहे, हे तुम्हाला कधी तोंडानं म्हटलं नाही. आता लिहून म्हणते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. दीपक म्हणाला, नव्या ग्रामसेवकांना वह्या दाखवताना एकोणऐंशीच्या पानावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "ह्या एका नोंदीनं मी माज्या पोरीचा डाव मोडला." तात्या, साडेचार वर्षं मी तुम्हाला असं समजू दिलं, हा माझा गुन्हा आहे. तुमचे उतारे मराठीत होते, आकडेही मराठी. त्या खोलीत ते वाचता येणारे दोघंच, सर आणि मी. समितीच्या माणसानं चारही कागद माझ्याच हातात दिले, वाचून इंग्रजीत सांग म्हणाला, आणि शेजारी एक बाई टाईप करायला बसली. करुणाचा वाचला, अंजलीचा वाचला, सारजाचा वाचला. माझ्या कागदावर फॅक्सची काळी रेघ नेमकी सालावर आली होती; आकडा लागत होता, पण तुमचं अक्षर ओळखणाऱ्यालाच. मी ऐंशी म्हटलं असतं तर त्या रेघेनंही माझीच बाजू घेतली असती. सर खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "तुजं तू वाच, पोरी. मी काय ऐकलं न्हाय." मी तुमचं अक्षर बघितलं, खालचा शेरा बघितला, आणि एकोणऐंशी वाचलं. बाहेर आल्यावर सरांना शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही, कारण तुमच्यावर रागावणं मला सोपं होतं, आणि स्वतःवर रागवायचं बळ तेव्हा नव्हतं. ते शब्दाला जागले. तेव्हा वही नव्या माणसाच्या हाती खुशाल द्या. माझा डाव तुम्ही मोडला नाहीत, तात्या. नोंद तुम्ही लिहिलीत, पण वाचली मी.

तुमचीच,
छकुली